हजेरीपटावरची एक ओळ

जुन्या महसुली कागदांत बाईचे नाव सहसा एकटे येत नाही. त्याला मागे काहीतरी जोडलेले असते. ‘कोम अमुक’, ‘जौजे अमुक’, किंवा नुसते ‘भ्र.’ आणि पुढे एका पुरुषाचे नाव. भ्र. म्हणजे भ्रतार. कोम आणि जौजे यांचा अर्थही तोच, अमक्याची बायको. तो भ्रतार मुंबईला जाऊन परत न आलेला असो, दुसरे लग्न करून वेगळा राहिलेला असो की बायकोला माहेरी धाडून तिचे नाव टाकलेला असो, कागदावर तो तिच्या नावामागे उभाच असतो.

गेली पंचवीसेक वर्षे मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांचा इतिहास जमेल तसा गोळा करतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गॅझेटियर, गावची दप्तरे, जुने अहवाल आणि म्हाताऱ्या माणसांच्या ओसऱ्या एवढीच माझी शाळा. या शोधात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येत राहिला. गावात एकटे पडलेले माणूस, म्हणजे विधवा, टाकलेली बाई, मुलेबाळे परगावी गेलेला म्हातारा, डोंगरातल्या वाडीवर राहिलेली म्हातारी, यांच्यापर्यंत मदत पोचते ती कोणत्या वाटेने? गावाच्या, घराच्या, की थेट त्या माणसाच्या?

प्रश्न कारकुनी वाटेल. पण या दोन जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव असा आहे की मदत किती आहे यापेक्षा ती कशी मोजली आहे यावर एकट्या माणसाचे जगणे ठरले. घरामागे मोजली तेव्हा घराबाहेर पडलेली माणसे सुटली. माणसामागे मोजली तेव्हा तीच माणसे आपणहून पुढे आली. हे ज्या योजनेने सर्वांत ठळकपणे दाखवले, तिचा पहिला प्रयोग आपल्याच तासगाव तालुक्यात झाला. म्हणून हा लेख.

एकच जिल्हा, दोन टोके

आज सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे असले तरी त्यांचा इतिहास एकत्र वाचावा लागतो. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ असा नवा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली झाले. त्याआधी तासगाव, वाळवे, खानापूर हे सारे तालुके साताऱ्यातच मोडत.

या मुलखाला दोन टोके आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा हा सह्याद्रीचा पट्टा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. इथे चांगल्या वर्षीही पाचशे मिलिमीटरची मारामार. एका बाजूला माणूस पावसाने, डोंगराने आणि पुढे कोयनेच्या जलाशयाने तुटतो. कांदाटी खोऱ्यातल्या गावांना तर लाँचशिवाय जवळची वाट उरली नाही. दुसऱ्या बाजूला तो पावसाअभावी तुटतो, कारण धडधाकट माणसे पोटामागे निघून जातात आणि जी जाऊ शकत नाहीत तीच गावात उरतात.

जुन्या गावगाड्यात अशा उरलेल्यांची सोय होती असे आपण समजतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) वाचले की ही समजूत जरा सावधपणे घ्यावीशी वाटते. खळ्यावर ज्याला धान्य मिळे त्याला ते कामाच्या आणि वतनाच्या नात्याने मिळे. सुताराला सुतार म्हणून, महाराला महार म्हणून. वाटा जागेला होता, आणि ती जागा घराण्याची होती. नवऱ्याने टाकलेली बाई या मांडणीत कुठेच बसत नाही. सासरच्या खळ्यावर तिचा हक्क संपलेला आणि माहेरच्या खळ्यावर तो कधी नव्हताच. भावाच्या घरी ती राबते ती पाहुणी म्हणून नाही आणि मालकीण म्हणूनही नाही. भावजय बोलेल ते ऐकायचे आणि चुलीपाशी शेवटी जेवायचे. दया होती. हिशेबात जागा नव्हती.

दुष्काळी कामे: माणूस मोजला, पण घरापासून तोडून

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत खोल रुतला आहे. सातारा जिल्ह्याचा पूर्व भाग त्यात होरपळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी. माणदेशातला राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवड तलावही म्हणतात, तो अशाच दुष्काळी मजुरीतून उभा राहिला. माण आणि आटपाडीच्या शिवेवरचा तो प्रचंड बांध आजही पाहता येतो.

या कामांवर मजुरी माणसागणिक होती. पुरुषाला एक दर, बाईला त्याहून कमी, पोराला आणखी कमी. तेव्हा माणूस सुटा मोजण्याची कल्पना इंग्रजी अमलात अगदीच नव्हती असे नाही. पण मोजण्यामागचा हेतू वेगळा होता. खरोखर उपाशी कोण आणि ढोंगी कोण हे ओळखायची ती परीक्षा होती. म्हणून मजुरी मुद्दाम जेमतेम ठेवली. सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने ती दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आली. कामेही मुद्दाम लांब ठेवली. जो गाव सोडून इतक्या लांब येईल तोच खरा गरजू, असा तर्क होता. १८७७ च्या सुरुवातीला मजुरांनी या दराविरुद्ध काम सोडले आणि पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली.

लांबच्या कामाची ही अट कोणाला सर्वांत जाचली असेल? ज्याला चालवत नाही त्याला, जिच्या काखेत मूल आहे तिला आणि जिच्यासोबत जायला कोणी नाही तिला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जी दुष्काळसंहिता आली तिच्यात अपंगांना व वृद्धांना फुकट शिधा देण्याची तरतूद झाली, पण तिची यादी गावचे वतनदार करत. म्हणजे पुन्हा गावाच्या मर्जीची वाट.

याच दुष्काळात १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर सातारा जिल्ह्यातलेच नायगाव. सावित्रीबाईंनी त्या एप्रिलमध्ये जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे वर्णन आहे. सरकारी कामावर मूल आईबापाच्या मागून येई. इथे भूक हाच दाखला होता.

मनिऑर्डरीवर तगलेली गावे

पुढची पाऊणशे वर्षे या भागाला खरा आधार दिला तो मुंबईने. गिरण्या, गोदी, भाजीबाजार आणि धान्यबाजार यांत साताऱ्याच्या डोंगरी आणि दुष्काळी तालुक्यांतले पुरुष भरले. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले, हा योगायोग नाही. पुरुष खाणावळीत जेवत, गाळ्यात पाळीने झोपत आणि महिन्याला मनिऑर्डर करत. गावात पोस्टमन हा पैसे आणणारा, पत्र वाचून दाखवणारा आणि उत्तर लिहून देणाराही होता. आज आपण ज्याला सामाजिक सेवा म्हणतो तिचा या भागातला पहिला नियमित कर्मचारी तोच म्हणायला हरकत नाही.

पण मनिऑर्डर येई ती घरच्या कर्त्याच्या नावावर. बहुतेक वेळा सासऱ्याच्या किंवा थोरल्या दिराच्या. मुंबईत नवऱ्याने दुसरे घर केले की मनिऑर्डरीवरची रक्कम रोडावे, मग महिने चुकत, मग पोस्टमन दारावरून पुढे जाई. बाईला टाकल्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांत पोस्टमन एकाच वेळी यायचा थांबला. तोपर्यंत सुदैवाने गावात दुसरी एक वाट तयार झाली होती.

विसापूरचा हिशेब

वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. गांधी-विनोबांच्या विचारांत वाढलेले, संतवाङ्मयाचे अभ्यासक आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. मोठ्या पदावरचा माणूस, पण डोक्यात सतत गावातला रिकामा हात. कोरडवाहू भागात सुगी संपली की शेतमजुराला चार-सहा महिने काम नसते. दुष्काळ पडला की सरकार कामे काढते, पण दरवर्षी येणाऱ्या या छोट्या दुष्काळाचे काय? असे सांगतात की आपल्या शेतावर ठरावीक रकमेत किती माणसांना किती दिवस काम देता येईल, हा हिशेब पाग्यांनी आधी घरात पत्नीला विचारला आणि तिच्या उत्तरावरून मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना योजना लिहून पाठवली. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू झाला.

मला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते असे, की हिशेब मजुराच्या दिवसांवर होता. गावाला किती निधी, घराला किती धान्य, असा तो नव्हता. एक माणूस, एक दिवस, एक मजुरी. पुढे जे आले त्याचे बीज इथे आहे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता. माझ्या पिढीने त्या दिवसांची नावे घरच्यांच्या तोंडून ऐकली. सुकडी, मिलो, खडी, नालाबंडिंग. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. माण-खटावात, आटपाडी-जतात अख्खी गावे खडी फोडत होती. त्या दुष्काळात भूकबळींची संख्या मागच्या शतकासारखी झाली नाही याचे मोठे श्रेय या कामांना दिले जाते. कामे पूर्वीइतकी लांब नव्हती आणि मागेल त्याला ती मिळत होती.

रोजगार हमीची घोषणा १९७२ मध्येच झाली होती. दुष्काळ ओसरल्यावर ती राज्यभर नीट सुरू झाली. १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लागला आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराची ती छोटी कपात पुण्या-मुंबईच्या अनेक वाचकांनी पाहिली असेल. ती माणच्या माळावरच्या कामाची मजुरी होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाचा हक्क आहे. तो कायद्याच्या जोरावर मागता येईल असा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

एक ओळ, एक अंगठा

या कायद्याचे कौतुक आणि त्यावरची टीका दोन्ही भरपूर झाली आहे. मला इथे त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे. गावात राहणारी, अंगमेहनतीचे काम करायला तयार असलेली १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती काम मागू शकत होती. अर्ज व्यक्तीचा. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता व्यक्तीला. तो भत्ता दिवसाला निदान एक रुपया, म्हणजे नावापुरताच आणि क्वचितच कोणाच्या हाती पडलेला. पण कायद्याने तो घराला देऊ केला नव्हता, माणसाला देऊ केला होता. दर कामाच्या मापावर होता आणि बाईपुरुषाला एकच.

एका गावात जुन्या हजेरीपटांची एक चळत मला पाहायला मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या. अनुक्रमांक, नाव, दिवसांचे रकाने, मजुरी आणि शेवटी सही किंवा अंगठा. नावांपुढे तेच जुने ‘भ्र.’ आहे. पण ओळ तिची आहे, हजेरीच्या खुणा तिच्या आहेत आणि शेवटच्या रकान्यातला निळसर अंगठा तिचा आहे. त्या काळात कामावर गेलेल्या अनेक बायकांशी मी बोललो. माप, मुकादम, ऊन, हातावरचे फोड यांच्या तक्रारी प्रत्येकीने केल्या. पण पगार हातावर पडायचा हे सांगताना बहुतेकींनी आपला तळवा उघडून दाखवला. सासऱ्याच्या नव्हे, भावाच्या नव्हे, स्वतःच्या हातावर. आठवड्याच्या बाजारात स्वतःच्या पैशाने मीठमिरची घेता येणे याला भावाच्या घरात किती वजन असते, हे ज्याने असे घर पाहिले आहे त्याला समजेल.

हजेरीपट पवित्र ग्रंथ नव्हता. मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावे त्यांत घुसत. बोगस हजेरीची प्रकरणे वर्तमानपत्रांतून गाजली. काम सुरू करायला निदान पन्नास मजूर हवेत, ही अट तर एकट्यादुकट्याच्या मुळावर होती. माणच्या मोठ्या गावात पन्नास माणसे सहज जमत. जावळीच्या दहा उंबऱ्यांच्या वाडीवर ती आणायची कुठून? डोंगरी भागासाठी ही संख्या पुढे कमी झाली, तरी विरळ वस्तीला योजना नेहमी उशिराच भेटली. आणि दर मापावर असल्याने सत्तरीच्या म्हातारीला दिवसभर राबून अर्धीही मजुरी पडत नसे. ज्याच्या अंगात ताकद नाही त्याला या ओळीचा उपयोग थोडाच. म्हणजे माणूस सुटा मोजला, पण तो हातपाय चालणारा असेल तरच.

१९८० नंतरच्या दुष्काळात खानापूर तालुक्यात आणखी एक प्रश्न विचारला गेला. संपानंतर गावी परतलेले गिरणी कामगार आणि रोजगार हमीवरचे मजूर मुक्तिसंघर्ष चळवळीत एकत्र आले. वर्षानुवर्षे आम्ही खडीच का फोडायची, असे ते म्हणाले. पाणी अडेल अशी कामे द्या. त्यातूनच येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीचे बळीराजा धरण लोकवर्गणीतून आणि नदीची वाळू विकून उभे राहिले. त्याचे पाणी जमिनीच्या मापावर न वाटता भूमिहीनांनाही त्याचा वाटा असावा, हे तत्त्व तिथे मांडले गेले. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हती.

वेगळे रेशनकार्ड

वाळवे तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर (१९२५–२०१७) प्रतिसरकारच्या काळात चळवळीत आलेल्या. त्यांचे पती बाबूजी पाटणकर यांचा १९५२ मध्ये खून झाला. त्यांनी मुलाला एकटीने वाढवले. १९८० च्या दशकात इंदुताई, त्यांच्या सूनबाई गेल ऑम्व्हेट आणि सांगली-साताऱ्यातल्या कष्टकरी बायका यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने ‘परित्यक्ता’ हा प्रश्न उचलला. परित्यक्ता हा शब्द कागदी आहे. गावात ‘टाकलेली’ म्हणतात. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली. शिवूरकरांचे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे पुस्तक या विषयावर वाचायलाच हवे.

या बायकांची पहिली मागणी ऐकून शहरी कार्यकर्ते चकित होत असत. पोटगीची गोष्ट त्या जाणून होत्या. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी २००१ पर्यंत महिना जास्तीत जास्त ५०० रुपये होती, आणि तीही कोर्टाचे हेलपाटे घालून, नवरा सापडला तर. त्यांनी आधी मागितले वेगळे रेशनकार्ड.

कारण साधे होते. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असतो. टाकलेल्या बाईचे नाव सासरच्या पत्रिकेवर राहून जाई. तिचा शिधा तिथे उचलला जाई आणि ती मात्र माहेरी. माहेरच्या पत्रिकेवर नाव चढवायचे तर सासरहून ते कमी केल्याचा दाखला हवा. तो आणायला जिथून हाकलले त्याच दारात उभे राहायचे. आणि दाखला मिळालाच तरी ती भावाच्या पत्रिकेवरची एक शेवटची ओळ. वेगळे कार्ड म्हणजे धान्य आणि साखर तर खरीच, पण त्याआधी तो पुरावा होता, की ही बाई इथे राहते, तिची चूल वेगळी आहे आणि ती स्वतः एक कुटुंब आहे. त्या कागदाशिवाय घरकुल नाही, गावठाणात जागा नाही, कर्ज नाही. १९९४ च्या राज्याच्या महिला धोरणात परित्यक्तांचा विचार झाला, त्यामागे अशा मोर्च्यांची वर्षे होती.

ज्या बायका हे मागत होत्या त्यांतल्या कित्येक रोजगार हमीवर राबलेल्या होत्या. कामावर वेगळी ओळ मिळते, तर दुकानात का नाही, असा विचार कोणी शब्दांत मांडल्याचा कागद मला मिळालेला नाही. पण एकदा स्वतःच्या नावापुढे अंगठा केलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नावामागे उभे राहणे जड जाते, एवढे त्या बायकांशी बोलताना जाणवते.

पुन्हा घरामागे

२ ऑक्टोबर १९८० पासून राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. जे काम करू शकत नाहीत त्यांच्यासाठी ती होती, म्हणजे हजेरीपटाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्यासाठी. विधवा, अपंग आणि पुढे परित्यक्ताही तिच्यात आल्या. पण निराधार कोण हे ठरवताना आधी घर पाहिले जाते. मुलगा आहे का, तो कमावतो का, घरात उत्पन्न किती. कमावता मुलगा असलेली म्हातारी कागदावर साधार ठरते. तो मुलगा चार वर्षांत एकदा येतो की नाही, हे विचारायला रकाना नाही.

२००५ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. पाग्यांच्या योजनेचे देशभर चीज झाले, याचा सांगलीकरांना रास्त अभिमान वाटला. पण एक बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. नव्या कायद्यात हक्क होता वर्षाला १०० दिवसांचा, आणि तो प्रत्येक घराला. जॉबकार्ड कुटुंबाचे. महाराष्ट्राने आपला जुना कायदा सुधारून ठेवला आणि १०० च्या वरचे दिवस राज्याच्या खर्चाने द्यायची तरतूद राखली. एकट्या स्त्रीला वेगळे कुटुंब मानावे अशा सूचनाही निघाल्या. तरीही मूळ माप बदलले होते. एकत्र कुटुंबात शंभर दिवस वाटून घ्यायचे झाले तर भावाकडे राहणाऱ्या बहिणीच्या वाट्याला किती येणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली १८ वर्षांवरची ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख ठरवली. ‘भ्र.’च्या दीडशे वर्षांनंतर ही मोठी गोष्ट आहे. पण तीही घरातल्या एका बाईला प्रमुख करते. त्याच घरात पडवीत राहणारी दुसरी बाई जिथे होती तिथेच.

घर मोजण्याला कारण नाही असे नव्हे. माणसे एकत्र राहतात, एका चुलीवर जेवतात, सरकारला पैसा पुरवायचा असतो आणि एकाच घरात पाच कार्डे निघाली तर गैरफायदाही होतो. बोगस हजेरीपट पाहिलेल्याने हे नाकारू नये. पण घर हे एकक चालते ते घर चालते तोवर. एकटेपणा म्हणजेच घर न चालणे. त्यामुळे ज्याच्यासाठी योजना आहे नेमका तोच तिच्या मापात बसत नाही.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले लोक सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. गावात नव्या बंगल्यांना कुलपे आहेत, किंवा एका खोलीत म्हातारा-म्हातारी. त्यांतले एक गेले की दुसरे एकटे. कागदावर ही घरे संपन्न आहेत. पश्चिमेच्या वाड्यांतही तरुण माणूस दिसत नाही. पैशाची गरज काहींना आहे, काहींना नाही. पण औषध आणणारे, बँकेत नेणारे, दार वाजवून चौकशी करणारे माणूस सगळ्यांनाच हवे आहे. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेने (१९९७) बाईच्या दारी जाऊन तिच्या नावावर बचत घेण्याचा पायंडा पाडला, त्यातून शिकण्यासारखे आहे. खाते तिचे, पुस्तक तिचे, आणि येणारे माणूस तिला विचारत येते.

नवी योजना काढायच्या आधी एक काम प्रत्येक ग्रामसभेला बिनखर्चाने करता येईल. गावात एकटी राहणारी आणि घरात असून एकटी असलेली माणसे कोण, याची यादी. घर क्रमांकाने नव्हे, नावाने. आशा सेविकेला, अंगणवाडीताईला, पोस्टमनला ही नावे तोंडपाठ असतात. कागदावर मात्र ती कुठेच एकत्र नाहीत. पाग्यांनी विसापुरात ज्या हिशेबाने सुरुवात केली त्याला फक्त एक वही आणि गावाची माहिती असलेले माणूस लागले होते. या यादीलाही त्याहून जास्त काही लागणार नाही. तिच्यात नावापुढे ‘भ्र.’ लिहू नये, एवढे मात्र पाहावे.